नवीन पिस्टन टाकले तरी जिप्सी थरथरत होती, माझा अनुभव

मारुती जिप्सी (1298 सीसी, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 74 एमएम) धूर मारायला लागली म्हणून सिलिंडर बोअर करून 0.50 एमएम मोठे (ओव्हरसाइज) पिस्टन टाकले, धूर गेला पण सोलापूर-पुणे रोडला मोहोळच्या पुढं 80 च्या वर गेलं की आरसा इतका थरथरायचा की मागची गाडीच नीट दिसायची नाही. इंजिनचे माउंट (खालचे रबरी आधार) बदलले, काही फरक नाही. शेवटी पिस्टनच्या वजनातच फरक असेल म्हणून इंजिन परत उतरवलं.

मिस्त्री मामा म्हणाले, "मालक, सेट नवा आहे की, तोलायचं काय त्यात?" मी तरी चारही पिस्टन पिन-रिंगसकट पिशवीत घालून मधला मारुतीजवळ मावसभावाच्या सराफी दुकानात गेलो, चांदी तोलायचा काटा होता त्याच्याकडं. तीन पिस्टन एक ग्रॅमच्या आत जुळले आणि चौथा 9 ग्रॅम जड! बहुतेक दुसऱ्या सेटमधला डब्यात आला असणार. 9-10 ग्रॅम म्हणजे काय वाटतं, पण या इंजिनच्या स्ट्रोकला (पिस्टनच्या वर-खाली फेरीला) 5000 आरपीएमवर 10 ग्रॅमचा झटका जवळपास 10 किलोचा बसतो, आणि आरपीएम दुप्पट झाले की झटका चौपट.

दुकानदारानं तो पिस्टन बदलून दिला. उरलेला फरक सगळ्यात हलक्या पिस्टनच्या मापानं काढला, घासायचं फक्त आतून पिनच्या बॉसखाली (पिन बसते त्या जाड भागाखाली), स्कर्टला (खालच्या बाजूच्या भिंतीला) आणि डोक्याला हात लावायचा नाही. पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडला खरा वेळ गेला कारण नुसतं एकूण वजन जुळून चालत नाही, छोटं टोक दोरीनं टांगून मोठं टोक काट्यावर, मग उलटं, रॉड आडवा सपाटच राहिला पाहिजे नाहीतर आकडा दरवेळी वेगळा येतो. मामा दोन दिवस त्यातच रमले, घासल्याच्या रेषा रॉडच्या लांबीतच ठेवल्या त्यांनी, आडवा ओरखडा राहिला तर तिथूनच तडा जातो म्हणे.

क्रँक, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट पुण्याला पाठवून एकेक जोडत बॅलन्स करून आणली आणि परत त्याच जागी बसवता यावं म्हणून पेंटनं खुणा केल्या. ओळीतल्या चार सिलिंडरला बॅलन्स करताना क्रँकवर बॉबवेट (पिस्टन-रॉडच्या जागी लावायचं तात्पुरतं वजन) लावावं लागत नाही, ते व्ही इंजिनला लागतं, हे तिथं आधी विचारून घ्या, उगाच खर्च नको.

आता वरच्या आरपीएमला बारीक गुणगुण आहे, ती चार सिलिंडरची असतेच. पण परवा टेंभुर्णीला जाताना आरशात मागच्या ट्रकच्या काचेवरचं नाव वाचता येत होतं.