व्हीएफएलमध्ये जिंकायचं की पोरं घडवायची?

मेलबर्नच्या वेस्टला राहणाऱ्या आपल्या मंडळींना बार्कली स्ट्रीट माहीत असतो तो चाट, डोसा आणि बिर्याणीसाठी. त्याच रस्त्याने फुटस्क्रेच्या दिशेने थोडं पुढे आलं की व्हिटन ओव्हल लागतं, वेस्टर्न बुलडॉग्ज या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचं जुनं घर, आणि सीझनमध्ये तिथे बुलडॉग्जच्या रिझर्व्ह टीमच्या मॅचेस असतात, फुटस्क्रे बुलडॉग्ज नावाने. गर्दी नसते. एमसीजीवर मॅचला गेलं तर मैदानावरचे खेळाडू मुंग्यांएवढे दिसतात, इथे कुंपणाला टेकून उभं राहिलं की टॅकलचा धप्पकन आवाज येतो, शिव्यापण ऐकू येतात. मला एएफएलपेक्षा, म्हणजे वरच्या मोठ्या लीगपेक्षा, हे जास्त आवडायला लागलंय, आणि ऑफिसमधले ऑस्ट्रेलियन लोक त्यावर हसतात.

ज्यांना फूटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. मैदानावर एका बाजूचे अठरा जण, ओव्हल ग्राउंड, लंबुळका बॉल, मधल्या दोन खांबांतून लाथेने गेला तर सहा पॉइंट, मधला आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर एक. एएफएलच्या क्लबकडे चाळिसेक खेळाडू करारावर असतात आणि आठवड्याला खेळतात त्यातले निम्मेच. मग उरलेले काय करणार? त्यातले दुखापतवाले वगळले की बाकीचे रिझर्व्हमध्ये खेळतात. व्हिक्टोरियात ती लीग म्हणजे व्हीएफएल, २०२१ पासून सिडनी आणि क्वीन्सलंडच्या टीमापण त्यातच आल्या. अ‍ॅडलेडवाले साउथ ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये, पर्थवाले वेस्ट ऑस्ट्रेलियाच्या.

पूर्वी हे सोपं होतं. १९१९ पासून १९९९ पर्यंत रिझर्व्हची स्वतंत्र स्पर्धा होती, बऱ्याचदा सीनियर मॅचच्या आधी त्याच ग्राउंडवर रिझर्व्हची मॅच व्हायची, म्हणजे लोक लवकर येऊन बसायचे आणि क्लबातलं नवं पोरगं कोण आहे ते आपोआप कळायचं. २००० मध्ये ते बंद करून सगळं व्हीएफएलमध्ये घातलं, आणि तिथे आधीपासून खेळणारे पोर्ट मेलबर्न, विल्यमस्टाउन, वेरिबी असे स्वतःचा इतिहास असलेले क्लब होते. मग झाली जोडाजोडी. एएफएल क्लब म्हणणार आमची पोरं तुमच्याकडे खेळवा, स्थानिक क्लब म्हणणार बरं, पण कोच आमचा आणि आम्हाला फ्लॅग, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकायचाय.

आता यात भांडण होणारच ना! समजा एएफएल क्लबने सांगितलं की या पोराला आम्हाला पुढच्या वर्षी हाफ बॅकला, म्हणजे बचावात, बघायचंय, तिथेच खेळवा. पोरगं आयुष्यभर फॉरवर्ड खेळलेलं, हाफ बॅकला पहिले दोन महिने गोंधळ घालणार, तो ज्याला अडवतोय त्या माणसाने चार गोल मारले की स्थानिक क्लबचा कोच बघणार सामना हातातून चाललाय, तो त्याला उचलून फॉरवर्डला टाकणार आणि मॅच वाचवणार. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण त्या पोराची शिकायची संधी गेली ती गेलीच.

बुलडॉग्ज आधी विल्यमस्टाउनला जोडलेले होते, २०१४ पासून त्यांनी स्वतःची टीम उभी केली आणि पहिल्याच वर्षी व्हीएफएल जिंकले. २०१६ ला परत जिंकले, आणि त्यानंतर आठवड्याच्या आत सीनियर टीमनेही एएफएलचा फ्लॅग आणला, १९५४ नंतर पहिल्यांदा! त्या वर्षी त्यांच्याकडे इतके जण जखमी होते की खालून माणूस वर आणायची वेळ सारखी यायची, आणि वर येणारा माणूस बुजलेला दिसायचा नाही कारण खाली तो तोच गेम प्लॅन खेळत होता, तेच इशारे, तीच हँडबॉलची, म्हणजे मुठीने मारलेल्या पासची, साखळी. रिचमंडनेही २०१४ लाच कोबर्गची साथ सोडून स्वतःची टीम काढली. हॉथॉर्न मात्र बॉक्स हिलबरोबर आणि मेलबर्न केसीबरोबर जोडीनेच चाललेत आणि त्यांचंही बरं चाललंय, त्यामुळे स्वतःची टीम हाच एक मार्ग असं मी म्हणणार नाही. कोच आणि वरचा क्लब एका भाषेत बोलत असले की झालं.

आता माझा मुद्दा, ज्यावर कुंपणापाशी माझी बऱ्याच लोकांशी हुज्जत झालीय. लोक म्हणतात रिझर्व्हमध्ये स्कोअरला काय अर्थ, पोरं शिकतायत ना, बस. मला हे पटत नाही. सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं एकत्र घालून मैदानात सोडली आणि शंभर पॉइंटने हरली तर ती शिकतात काय? थकल्यावर पळणं सोडायचं, आपले आकडे वाढवायला सोपा बॉल मागायचा, आणि तिसऱ्या क्वार्टरनंतर एकमेकांकडे बघून हात वर करायचे. हरायची सवयपण लागते माणसाला. पोरं घडवायची तर मॅच चौथ्या क्वार्टरपर्यंत जिवंत पाहिजे, आणि ती जिवंत ठेवतात कोण, तर ज्यांचा एएफएलशी काही संबंध नाही असे व्हीएफएलचे खेळाडू.

हे लोक भारी असतात. कोणी प्लंबर, कोणी इलेक्ट्रिशियन, कोणी शाळेत पीटी शिकवणारा. दिवसभर काम करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येतात, पैसे किरकोळ. वय अठ्ठावीस, तीस, बत्तीस. आपल्याकडे कांगा लीगमध्ये कसा एखादा पोट सुटलेला खडूस काका ओल्या पिचवर कॉलेजच्या स्टार बॅट्समनला दोन ओव्हरमध्ये गप्प करतो, तसेच हे.

एक मॅच सांगतो. एक उंच किडकिडीत फॉरवर्ड, नुकता ड्राफ्ट झालेला, म्हणजे एएफएल क्लबांच्या वार्षिक निवडीत उचललेला, टॅलेंट लीगमधून आलेला म्हणजे अंडर-एटीनमध्ये सगळ्यांच्या डोक्यावरून उडी मारून मार्क घ्यायची, म्हणजे हवेतला बॉल झेलायची, सवय. समोर स्थानिक क्लबचा फुल बॅक, त्याच्यापेक्षा बोटभर बुटका, दाढी पांढरी व्हायला लागलेली. बॉल हवेत, पोरगं वर बघत पळत येतंय आणि बॉल खाली यायच्या बरोबर आधी दाढीवाला उडी मारतच नाही, फक्त कंबर आणि दंड त्याच्या अंगाला लावून अर्धं पाऊल बाजूला सरकवतो. अंपायरला दिसेल असं काही नाही, जर्सी धरली नाही, ढकललं नाही. पोरगं उडी मारतं ते चुकीच्या जागेवरून, बॉल बोटांना लागून खाली. पुढच्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी पोराने बॉल बघायच्या आधी माणूस कुठे आहे ते बघितलं, आधी स्वतः अंग टेकवलं आणि मग उडी मारली, तेव्हाही मार्क सुटला पण यावेळी बॉल दाढीवाल्यालाही मिळाला नाही, जमिनीवर पडला आणि मागून आलेल्या छोट्या फॉरवर्डने गोल मारला. आकड्यांच्या शीटवर त्या पोराच्या नावावर यातलं काहीच येत नाही. मला मात्र अख्ख्या मॅचमधलं हेच लक्षात राहिलं.

व्हीएफएलमध्ये अजून एक मजा आहे जी एएफएलमध्ये मिळत नाही, क्वार्टर संपला की पब्लिक मैदानात जाऊ शकतं, कोच बोलत असतो त्या घोळक्याच्या मागे उभं राहून ऐकायचं. चुंबकाचा बोर्ड, माउथगार्ड मोज्यात खोचलेली पोरं, वाफा निघतायत अंगातून. चांगले कोच तिथे ओरडत नाहीत फारसे. विचारतात. तुझा माणूस तू का सोडलास, तुला काय दिसलं? पोरगं काहीतरी पुटपुटतं, मग शेजारचा मोठा खेळाडूच सांगतो की अरे मी मागे होतो, तू जायलाच हवं होतंस, पुढच्या वेळी मी हाक मारतो. त्या तीस सेकंदांत जितकं कोचिंग होतं तितकं तासाभराच्या व्हिडिओत होत नसेल.

क्रेग मॅक्रे २०१९ मध्ये रिचमंडच्या व्हीएफएल टीमचा कोच होता, फ्लॅग जिंकला, आणि २०२३ मध्ये कॉलिंगवूडचा सीनियर कोच म्हणून एएफएलचाही जिंकला. म्हणजे रिझर्व्हमध्ये खेळाडूच घडतात असं नाही, कोचही घडतात.

उंच पोरांच्या बाबतीत तर घाई करूच नये. छोटा मिडफिल्डर पहिल्या वर्षी टिकू शकतो, पण रक, म्हणजे वर टाकलेल्या बॉलसाठी उडी मारणारा उंच माणूस, खेळणाऱ्याला अंग भरायला वर्षं लागतात. मॅक्स गॉन २००९ च्या ड्राफ्टमध्ये चौतिसाव्या नंबरला घेतलेला, गुडघ्याच्या दुखापती, केसीला व्हीएफएल खेळत राहिला, आणि पहिल्यांदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम संघात, झाला २०१६ मध्ये! नंतर मेलबर्नचा कॅप्टन, २०२१ चा फ्लॅग वगैरे. आणि मेसन कॉक्स तर अमेरिकेत कॉलेजात बास्केटबॉल खेळणारा, २११ सेंटिमीटर, २०१४ मध्ये कॉलिंगवूडने घेतला तेव्हा त्याने लंबुळका बॉल नीट लाथाडलेलापण नव्हता. व्हीएफएलमध्ये शिकला, २०१६ च्या अँझॅक डेच्या मोठ्या मॅचला पदार्पण, पहिल्याच किकला गोल. मधल्या त्या काळात कोणी फक्त स्कोअर बघून ठरवलं असतं तर परतीचं तिकीट काढून दिलं असतं त्याला.

अर्थात सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. ड्राफ्ट झालेल्या पोराचा पहिला करार साधारण दोन वर्षांचा, त्यात एक वर्ष जिममध्ये आणि दुखापतीत जातं, दुसऱ्या वर्षी थोडं जमायला लागतं आणि सीझन संपला की क्लब हात मिळवून निरोप देतो, एकही एएफएल मॅच न खेळता. वय वीस. त्यात २०२५ पर्यंत सबची, म्हणजे बदली खेळाडूची, भानगड होती, सीनियर टीमच्या बाकावर सब म्हणून बसवलेलं पोरगं शेवटची दहा मिनिटं खेळायचं आणि त्या वीकेंडची व्हीएफएलची मॅचपण हुकायची. शिकायच्या वयात बाकावर बसवून काय मिळायचं हे मला कधी कळलं नाही, पूर्ण मॅच खाली खेळू द्यायची की राव!

वरून ड्रॉप होऊन आलेले सीनियरही बघण्यासारखे असतात. काही तोंड पाडून खेळतात, स्वतःचे तीस पझेशन करतात, म्हणजे तीसदा बॉल मिळवतात, आणि घरी जातात. काही मात्र पोरांना जागेवर उभं करतात, सारखे बोलत राहतात. क्लबने पुढच्या वर्षी कोणाला ठेवायचं हे ठरवताना याचेही गुण द्यावेत असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि रिझर्व्ह म्हणजे फक्त अठरा वर्षांची पोरं हेही डोक्यातून काढा. २०१९ मध्ये मिड-सीझन ड्राफ्ट परत सुरू झाला, त्यात रिचमंडने वेस्ट ऑस्ट्रेलियातल्या साउथ फ्रीमँटलचा मार्लियन पिकेट घेतला, वय सत्तावीस, त्यात बोट मोडलेलं. तो व्हीएफएल खेळला, व्हीएफएलची ग्रँड फायनल रिचमंडने विल्यमस्टाउनविरुद्ध तीन पॉइंटने जिंकली, पिकेट बेस्ट ऑन ग्राउंड. दरम्यान सीनियर टीममधला जॅक ग्रॅहम खांद्याच्या दुखापतीने बाहेर, आणि सहा दिवसांनी पिकेट एमसीजीवर एएफएल ग्रँड फायनलमध्ये, करिअरची पहिलीच मॅच! १९५२ नंतर असं पदार्पण कोणी केलं नव्हतं. मिडफिल्डमध्ये गर्रकन फिरून प्रतिस्पर्ध्याला चकवलं, एक गोलपण मारला, रिचमंड ८९ पॉइंटने जिंकलं. त्या दिवशी तो घाबरलेला वाटला नाही यात मला नवल नाही, आदल्याच रविवारी तो तीन पॉइंटची फायनल खेळून आला होता. ती मॅच जिंकायलाच खेळली होती दोन्ही टीमांनी, कोणाच्या डेव्हलपमेंटसाठी नाही.

यंदा कोणाला यायचं असेल तर कळवा. थंडीचं जाड जॅकेट घाला, दुपारनंतर वारा बोचतो, आणि गोलच्या मागे उभे राहू नका, विंगच्या, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या, बाजूला राहा, तिथून दोन्हीकडचे डिफेंडर कुठे सरकतायत ते नीट दिसतं. मॅचनंतर बार्कली स्ट्रीटला जेवायचं, बिल ज्याची टीम हरेल त्याचं.