साताऱ्याहून सांगली: जनरलचं तिकीट काढताना

साताऱ्याचं स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. मी जनरलचं तिकीट रिक्षातच मोबाईलवर काढून टाकतो. रेल्वेच्या रेलवन ॲपवरचं कागदाविना तिकीट एकदा स्टेशनच्या आवारात शिरलं की निघत नाही; टीसी दिसल्यावर खिशातून फोन काढणाऱ्यांसाठी ती अटकाव-रेषा आहे. आत पोचल्यावर आठवलंच, तर स्टेशनवर लावलेला क्यूआर कोड त्याच ॲपमधून स्कॅन करायचा.

खरी चूक होते ती गाडीचा प्रकार निवडताना. साधी म्हणजे पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस आणि सुपरफास्ट असे तीन प्रकार. पॅसेंजरचं किमान भाडं 10 रुपये, एक्सप्रेसचं 30. स्वस्त दिसतं म्हणून साधं तिकीट काढून कोयना एक्सप्रेसमध्ये बसलात, तर फरक भरावा लागतो, वर दंड. नंबर बघायची सवय लावा: कोयना 11029 किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस 11040 म्हणजे मेल-एक्सप्रेस, गोवा एक्सप्रेस 12780 म्हणजे सुपरफास्ट. 12, 20 किंवा 22 ने नंबर सुरू झाला की सुपरफास्ट. वंदे भारतला जनरल डबाच नाही, तिथे हे तिकीट चालणार नाही.

पुढे ॲप विचारतं, तिकीट कागदी की कागदाविना? घाईत कागदी निवडलं तर नुसता फोन दाखवून भागत नाही, मशीनवरून किंवा खिडकीवरून छापून घ्यावंच लागतं. कागदाविना असेल तर ॲपमधलंच दाखवायचं, स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला तर तिकीट नाही असंच धरतात. बँकेचा पैसे गेल्याचा मेसेज म्हणजेही तिकीट नव्हे. बुकिंगच्या यादीत ते दिसलं, मगच फलाटावर जा. 199 किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर साधारण तीन तासांत प्रवास सुरू करावा लागतो, त्यामुळे सकाळी काढून दुपारी निघणं जमत नाही. सांगली-पुणे 200 च्या वर असल्यामुळे तेवढं तिकीट खिडकीवर तीन दिवस आधीही मिळतं.

सांगलीकरांची एक खास गडबड. तिकीट सांगलीपासूनचं आणि गाडी पकडायला जातात मिरजेला! मिरज-सांगली हे चार पावलांचं अंतरही मग विनातिकीट धरलं जातं. चढणार तिथलंच तिकीट काढा.

विनातिकीट सापडलात तर भाडं, आणि वर तेवढाच किंवा किमान 250 रुपये दंड, यातलं जे जास्त असेल ते. भाडं कुठून धरायचं यात मेख आहे. कुठे चढलात हे सिद्ध करता आलं नाही, तर गाडी जिथून सुटली तिथून, किंवा मध्ये तपासणी झाली असेल तर तिथून. म्हणजे साताऱ्यात महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये चढलेल्याला गोंदियापासूनचं भाडं लागू शकतं. खिशात 10 रुपयांचं फलाट तिकीट असलं तर चढलेलं स्टेशन सिद्ध होतं, एवढाच त्याचा उपयोग; दंड सुटत नाही.

खिडकीवर रांग आणि गाडी फलाटावर, अशी वेळ आली तर डब्यात उडी मारण्याआधी गार्डला किंवा टीसीला गाठा. परवानगी देऊन त्यांनी दाखला लिहून दिला तर नुसतं भाडं भरावं लागतं, दंड नाही. रेल्वे कायद्याच्या कलम 55 मध्ये ही सोय आहे. मात्र दाखला हातात हवा. गाडी सुटल्यावर, टीसी समोर उभा राहिल्यावर सांगितलेली अडचण यात बसत नाही.