हळद पिवळीच राहिली, मग लिंबू उदासीन का?

शाळेच्या शर्टावर वरणाचा डाग पडतो. त्यावर साबण फिरवला की डाग लालभडक होतो आणि भरपूर पाण्यात खळबळला की परत पिवळा. मुलांना आम्ल-आम्लारी (ॲसिड-बेस) शिकवायला याहून चांगली सुरुवात नाही. हळदीला चुना लावून कुंकू करतात तेही याच गुणावर: आम्लारी लागली की हळद लाल होते.

पण इथेच एक गैरसमज हमखास मूळ धरतो. हळदीच्या कागदावर मुलं लिंबाचा थेंब टाकतात, मग साध्या पाण्याचा. दोन्हीकडे पिवळाच. वहीत लिहिलं जातं, ‘लिंबू उदासीन’, म्हणजे ना आम्ल ना आम्लारी. चूक मुलांची नाही. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-आम्लारीचं माप; सात म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर आम्लारी) साधारण साडेसातच्या वर गेला तरच हळद रंग बदलू लागते. त्याखालचं आम्ल असो की पाणी, तिला सगळं सारखंच. म्हणून कागद आधी खायच्या सोड्याच्या पाण्याने लालसर करून घ्या आणि त्यावर लिंबू टाका. थेंबाभोवती पिवळं वर्तुळ पसरतं आणि लिंबू आम्ल आहे हे हळदच सांगते.

कागद करायला एक चमचा हळद चार चमचे सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळा. गॅस बंद हवा, स्पिरिट लगेच पेट घेतं. नुसत्या पाण्यात हळदीचा रंग नीट विरघळत नाही, कागदावर ठिपके राहतात. टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून पंख्याखाली वाळवा. उन्हात रंग उडतो. पावसाळ्यात पट्ट्या झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर मुंबईच्या हवेत सादळतात.

दुसरा दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल-आम्लारी दाखवणारा पदार्थ, हवाच. गोकर्णीची निळी फुलं सोसायटीच्या कुंपणावर मिळतात, नाहीतर दादरच्या फूलबाजारात विचारा. दहा-बारा फुलांचे हिरवे देठ काढून पाकळ्या कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. हे पाणी लिंबाने जांभळं-गुलाबी होतं, खायच्या सोड्याने हिरवट निळं, चुन्याने हिरवं. चुन्याचा कप तसाच ठेवला तर पिवळा पडतो, कारण रंगद्रव्यच मोडतं. तेव्हा रंग लगेच नोंदवा. एका कपात काहीही न घालता नुसतं निळं पाणी ठेवा, म्हणजे तुलना करता येते. लिटमस, म्हणजे तयार दर्शक कागद, हवाच असेल तर प्रिन्सेस स्ट्रीटला प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळेल, पण गोकर्ण जास्त छटा दाखवते.

हात धुवायचा लिक्विड सोप तपासताना निकाल फसतो. अशा बऱ्याच द्रवांचा सामू सातच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे हळद पिवळीच राहते. कपड्याच्या साबणाची वडी घ्या.

सगळ्यात मोलाचा प्रयोग चुन्याच्या निवळीचा. पानाच्या टपरीवरचा वाटाण्याएवढा चुना पेलाभर पाण्यात ढवळा, तासभर ठेवा, वरचं नितळ पाणी हळूच काढून घ्या. चुना जास्त घातला तरी निवळी तीव्र होत नाही, कारण लिटरभर पाण्यात तो जेमतेम दीड ग्रॅम विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. 20 मिली निवळीत हळदीच्या स्पिरिटचे दोन थेंब घाला. लाल रंग येईल. आता ड्रॉपरने लिंबाचा गाळलेला रस थेंब-थेंब टाका आणि दर थेंबाला ढवळा. पहिल्या थेंबांना पिवळी चमक येऊन विरते, साधारण पंधरा ते पंचविसाव्या थेंबाला पिवळा टिकतो. हे उदासिनीकरण, म्हणजे लिंबाच्या आम्लाने चुन्याची आम्लारी संपवली. थेंब मोजायचं काम मुलांनाच द्या. सोड्यावर हाच प्रयोग केला तर वायूचे बुडबुडे येतात आणि नेमका थेंब सापडत नाही.

चुना मात्र मोठ्यांनीच हाताळायचा. तो डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. गेलाच तर लगेच वाहत्या पाण्याने किमान 15 मिनिटं डोळा धुवा आणि थेट दवाखाना गाठा. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच या प्रयोगात आणूच नका. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू सुटतो. चव घेऊनही काही तपासायचं नाही.

शब्दांचंही एक सांभाळा. हिंदीत ‘क्षार’ म्हणजे आम्लारी, आपल्या मराठी पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकत्र येऊन तयार होणारा पदार्थ. मुंबईच्या मुलांच्या कानावर दोन्ही भाषा पडतात, म्हणून हा फरक पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा.

उरलेली निवळी उघडी ठेवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिच्यावर पांढरी साय धरते, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच निवळीला लिंबाचे थेंब कमी लागतात.