रामले आणि लोद: विमानतळाशेजारची दोन गावं

बेन गुरियन विमानतळावर उतरणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी थेट जेरुसलेम किंवा तेल अवीव गाठतात. विमानतळापासून अगदी जवळ लोद आणि रामले ही दोन गावं आहेत, तिकडे सहसा कोणी वळत नाही. ब्रिटिशांच्या काळात या विमानतळाचं नावच लिड्डा होतं, आणि लिड्डा म्हणजे आजचं लोद. ज्यू आणि पॅलेस्टिनी यांचं भांडण नेमकं कशाचं आहे हे समजून घ्यायचं असेल, तर जेरुसलेमइतकाच वेळ या गावांना द्यावा असं मला मनापासून वाटतं.

मी २०१९ च्या वसंतात तिकडे गेले ती एका मावशींमुळे. आईच्या शाळेतल्या मैत्रिणीची ही थोरली बहीण, मूळची पेणची, बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. लग्नानंतर इस्रायलला आली आणि रामलेत राहिली. रामले, लोद, अशदोद, बेरशेबा, दिमोना या गावांत मराठी बोलणारी माणसं आजही भेटतात. रामलेच्या बाजारात जाड पोहे मिळतात, हिंगाची डबी मिळते. दुकानात दोन आजीबाई मिरचीच्या भावावरून मराठीत वाद घालत होत्या. मी बोलल्यावर दोघींनी आधी गाव विचारलं, मग आडनाव.

रामले वसवलं उमय्या घराण्यातल्या सुलेमाननं, आठव्या शतकाच्या सुरुवातीला. गावाच्या पोटात ७८९ साली बांधलेला पाण्याचा हौद आहे. टोकदार कमानींच्या रांगा, वरच्या झरोक्यांतून येणारा उजेड आणि त्याखालून वल्हवत न्यायची छोटी होडी. याच गावात मध्ययुगात मुसलमान, ख्रिस्ती, रब्बींना मानणारे ज्यू आणि न मानणारे कराईत ज्यू एकत्र नांदत होते. कराईतांचं मोठं केंद्र आजही रामलेतच आहे. सगळं गुण्यागोविंदानं चालत होतं असं नाही. पण ‘हे भांडण हजारो वर्षांचं आहे, ते कधी मिटायचं नाही’ असं आपल्याकडे जे सर्रास बोललं जातं, ते या गावात उभं राहून पटत नाही. आज जे भांडण चाललंय त्याचं वय दीडशे वर्षांच्या आत आहे, आणि त्याच्या मुळाशी जमीन आहे.

१८८१ नंतर रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. जीव मुठीत धरून पळालेल्यांतले बहुतेक अमेरिकेला गेले, थोडे तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यातल्या पॅलेस्टाइनमध्ये आले. १८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला थिओडोर हर्झलनं पहिली झायोनिस्ट, म्हणजे ज्यूंना पॅलेस्टाइनमध्ये स्वतःची भूमी हवी म्हणणाऱ्यांची, परिषद भरवली. दोनच वर्षांनी जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल्-खालिदी यांनी फ्रान्सच्या मुख्य रब्बींमार्फत हर्झलला पत्र पाठवलं. ज्यूंचं या भूमीशी जुनं नातं आहे हे त्यांनी त्यात मोकळेपणानं मान्य केलं होतं. पण इथे आधीच माणसं राहतात, तेव्हा पॅलेस्टाइनला सुखानं राहू द्या, अशी कळकळीची विनंतीही केली होती. हर्झलनं उत्तरात नव्या लोकांमुळे अरबांचा आर्थिक फायदाच होईल असं लिहिलं. मला हा पत्रव्यवहार फार महत्त्वाचा वाटतो. पुढच्या सगळ्याची चाहूल त्यात आहे, आणि तोवर मोठा रक्तपात झालेला नव्हता.

जमिनीचं गणित कोकणातल्या खोतीची कागदपत्रं पाहिलेल्या माणसाला लगेच कळेल. १८५८ च्या ऑटोमन जमीन कायद्यानंतर नोंदणी सुरू झाली. कर आणि सैन्यभरतीच्या भीतीनं अनेक शेतकऱ्यांनी नावं लावलीच नाहीत. जमिनी कागदोपत्री झाल्या शहरातल्या बड्या घराण्यांच्या. बैरूतच्या सुरसुक घराण्यानं १९२० च्या दशकात मर्ज इब्न आमेरच्या खोऱ्यातल्या जमिनी ज्यू संस्थांना विकल्या, तेव्हा व्यवहार कायदेशीर होता. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारी कुळं मात्र उठवली गेली.

मध्ये ब्रिटिश आले. अरबांना पहिल्या महायुद्धात मदतीच्या बदल्यात स्वातंत्र्याची आशा दाखवली, फ्रान्सशी १९१६ मध्ये वाटणीचा गुप्त करार केला आणि २ नोव्हेंबर १९१७ ला बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना ‘राष्ट्रीय घर’ देऊ केलं. तेव्हा तिथे दहातले नऊ जण अरब होते. जाहीरनाम्यात त्यांचा उल्लेख ‘ज्यू नसलेले समाज’ एवढाच आहे. त्या ब्रिटिश मंत्रिमंडळातल्या एकमेव ज्यू मंत्र्यानं याला कडाडून विरोध केला होता. तो मंत्री म्हणजे एडविन माँटेग्यू, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला, तेव्हाचा भारतमंत्री. अशानं जगभरचे ज्यू आपापल्या देशात परके ठरतील, अशी त्याची भीती होती.

पुढचं वेगानं घडत गेलं. १९२९ मध्ये हेब्रॉनला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या ज्यूंवर जमाव तुटून पडला, ६७ जण मारले गेले. कित्येकांना त्यांच्या अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. १९३६ ते १९३९ अरबांचा उठाव झाला, ब्रिटिशांनी तो निर्दयपणे मोडून काढला. तिकडे युरोपात साठ लाख ज्यू मारले गेले. वाचलेल्यांना घ्यायला बहुतेक देश तयार नव्हते. २९ नोव्हेंबर १९४७ ला संयुक्त राष्ट्रांनी फाळणीचा ठराव केला. लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंना निम्म्याहून अधिक भूभाग मिळत होता. ज्यू नेतृत्वानं तो स्वीकारला, अरबांनी नाकारला. भारतानंही विरोधात मत दिलं होतं.

त्या नकाशात लोद आणि रामले अरब राज्यात होती. पण ती तेल अवीव-जेरुसलेम रस्त्यावर, म्हणून इस्रायली लष्कराला हवी होती. इस्रायलच्या स्थापनेनंतरच्या युद्धात, जुलै १९४८ मध्ये, इस्रायली फौजांनी दोन्ही गावं घेतली. लोदमध्ये दाहमश मशिदीत आसरा घेतलेल्या माणसांनाही मारलं गेलं. मग गाव रिकामं करण्याचा हुकूम निघाला. त्यावर सही होती यित्झाक राबिन यांची, तेच राबिन ज्यांना पुढे शांततेचं नोबेल मिळालं आणि १९९५ मध्ये एका ज्यू माथेफिरूनं ज्यांची हत्या केली. दोन्ही गावांतून पन्नास ते सत्तर हजार माणसं भर उन्हाळ्यात रामल्लाच्या दिशेनं हाकलली गेली, बरीचशी पायी. वाटेत म्हातारी माणसं आणि लेकरं तहानेनं मेली.

लोदमध्ये थोडे लोक राहिले, त्यात रेल्वेचे कामगार होते. मोठं जंक्शन, गाड्या चालवायला माणसं हवीच होती. स्टेशनजवळच्या एका पॅलेस्टिनी दुकानदारानं कॉफी पाजता पाजता सांगितलं की त्याचे आजोबा इंजिन दुरुस्त करायचे, म्हणून त्यांना राहू दिलं. आजोबांचे तीन भाऊ जॉर्डनला गेले ते कायमचे. त्याच्या दुकानापासून चालत जाण्याच्या अंतरावर सेंट जॉर्जचं चर्च आणि अल्-खिद्र मशीद एकमेकांना लागून उभी आहेत.

रामलेतली एक वास्तूही पाहायला हवी. १९३६ मध्ये खैरी नावाच्या कुटुंबानं बांधलेलं हे घर. ४८ साली ते हाकलले गेले आणि घर मिळालं बल्गेरियातून आलेल्या ज्यू कुटुंबाला. १९६७ च्या युद्धानंतर खैरींचा मुलगा घर पाहायला आला आणि बल्गेरियन कुटुंबाच्या मुलीनं, दालिया एश्केनाझीनं, दार उघडलं. दोघांचं राजकारण शेवटपर्यंत जुळलं नाही. पण पुढे त्याच घरात अरब मुलांसाठी बालवाडी सुरू झाली. मला ही गोष्ट गोड वाटत नाही, अवघड वाटते, आणि म्हणूनच खरी वाटते.

मावशींचं घर मात्र ‘शिकुन’मध्ये, सरकारनं बांधलेल्या चाळवजा इमारतीत. जेवायला नारळाच्या दुधातली माशांची आमटी आणि भात होता. नातवाची नोकरी पक्की झाली म्हणून संध्याकाळी एलियाहू हन्नबीचा, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावानं करायचा, मलिदा. पोहे, नारळ, फळं, आणि हिब्रू प्रार्थनेच्या मधूनच मराठी बोलणं.

जेवताना मी १९५० च्या दोन कायद्यांचा विषय काढला. मार्चमध्ये झालेल्या कायद्यानं निघून गेलेल्या अरबांची घरं-शेतं ‘गैरहजरांची मालमत्ता’ म्हणून सरकारजमा झाली. जुलैतल्या दुसऱ्यानं जगातल्या कुठल्याही ज्यूला इथे येऊन राहायचा हक्क मिळाला. पहिल्यानं त्या दुकानदाराच्या आजोबांच्या भावांना दार बंद झालं, दुसऱ्यानं पेणच्या मावशींना ते उघडलं.

मावशी थोडं थांबून म्हणाल्या, “अगं, आम्हाला तरी कुठे सरळ आत घेतलं? आल्यावर रब्बी विचारायला लागले, तुमची आजी यहुदी कशावरून? ६४ साली आमची माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली, तेव्हा कुठे ऐकलं. आम्ही काय कोणाचं घर घ्यायला आलो नव्हतो. पेणला आम्हाला कधी कोणी दुखावलं नाही, आम्ही देवाच्या भूमीला आलो.”

“आणि ज्यांची घरं गेली ते?” मी विचारलं.

“त्यांचं काय चुकलं होतं गं? पण आता मी कुठे जाऊ, ते सांग.”

१९४८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांनी १९४ क्रमांकाचा ठराव करून निर्वासितांना परतायचा किंवा भरपाईचा पर्याय द्या म्हणून सांगितलं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्या १९९३ च्या ओस्लो करारात हा प्रश्न नंतरच्या बोलण्यांसाठी ठेवला गेला. २००० साली अमेरिकेत कॅम्प डेव्हिडला ती बोलणी फिसकटली. मे २०२१ मध्ये लोदच्या रस्त्यांवर शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांवर हल्ले केले, सिनेगॉग पेटले, ज्यू आणि अरब दोघेही मेले. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं सुमारे बाराशे माणसं मारली आणि त्यानंतर गाझात हजारोंच्या संख्येनं माणसं मेली, त्यात लहान मुलं किती तरी. गाझातली बहुसंख्य कुटुंबं ४८ साली उठवलेल्यांचीच आहेत.

त्या ऑक्टोबरात मी मावशींना फोन केला. नातू राखीव फौजेत गेला होता. खालच्या मजल्यावरची अरब बाई दोन दिवस दिसली नाही म्हणून मावशी तिच्या दारात जाऊन आल्या होत्या. तिची बहीण गाझात आहे आणि फोन लागत नाही, हे त्यांनी मला सांगितलं, आणि मग नातवाचाही लागत नाही म्हणाल्या.