तुम्ही विचारलंत म्हणून: आयफोन सोडून अँड्रॉइड का?

चांगला आयफोन हातात असताना तू अँड्रॉइडकडे का वळलीस, हा प्रश्न मी इतक्या जणांच्या ओठांवर वाचलाय की आता एकदाच लिहून टाकते. कॅमेरा, वेग, दिसणं यांच्या तुलना कृपा करून मला पाठवू नका. माझा प्रश्न कानाचा आहे.

आणि हो, कानासाठीच मी आयफोन घेतला होता. आयफोनला थेट जोडता येणारी, म्हणजे फोनचा आवाज सरळ कानातल्या यंत्रात आणणारी श्रवणयंत्रं २०१४ मध्ये बाजारात आली. अँड्रॉइडमध्ये तशी सोय आली ती २०१९ साली, अँड्रॉइड १० बरोबर. फोन कानाशी नेला की यंत्रात वाजणारी कर्कश शिट्टी ज्यांनी सोसली आहे, त्यांनाच त्या फरकाची किंमत कळेल. आपल्यासारख्यांनी दुसरा फोन घेऊच नये, असं तेव्हा मीच सगळ्यांना सांगायचे. ते खरंही होतं.

मग बाबांचं आजारपण आलं. डॉक्टरांच्या तोंडाला मास्क, म्हणजे माझं ओठ वाचणं बंद. ते बराच वेळ बोलायचे आणि बाहेर आल्यावर दादा मला सांगायचा, "काळजीचं काही नाही." बस, एवढंच. तो खोटं बोलत नव्हता, मला जड जाऊ नये म्हणून गाळत होता. पण लहानपणापासून घरात सगळे एकदम हसले की मला "नंतर सांगतो" हेच उत्तर मिळत आलंय, आणि ते 'नंतर' क्वचितच येतं.

त्या दिवशी वहिनीनं तिचा अँड्रॉइड फोन बाबांच्या पलंगावर ठेवला. बोललेलं लगेच पडद्यावर लिहून दाखवणारं गूगलचं ॲप, लाइव्ह ट्रान्स्क्राइब, सुरू होतं, भाषा मराठी. डॉक्टर बोलायला लागले तसे शब्द उमटायला लागले. औषधांची नावं पार वेडीवाकडी. "बायपास केली तर धोका आहे, नाही केली तरी आहे, निर्णय तुम्ही घ्या" हे मात्र स्वच्छ आलं. पाठोपाठ आणखी एक ओळ आली: "हिला एवढ्यात काही सांगू नका हिला झेपणार नाही." हे बाबा बोलले होते. मी तिथेच उभी होते, हाताच्या अंतरावर. माझ्यादेखत आजवर अशी किती वाक्यं बोलली गेली असतील, या विचारानं मला रडू कोसळलं. मी ती ओळ बाबांना दाखवली. ते काही बोलले नाहीत. दादा बोलला, आणि तेही उमटलं: "वाच आता सगळं." मग मी डॉक्टरांना माझे प्रश्न विचारले, उत्तरं वाचली, पुन्हा विचारले. बायपास करायची हे आम्ही चौघांनी ठरवलं, आणि त्या चौघांत मी होते.

आयफोनवरही अशी ॲप्स मिळतात, हे मला माहीत आहे. पण ॲपलचं स्वतःचं लाइव्ह कॅप्शन्स २०२२ मध्ये आलं ते फक्त इंग्रजीत, आणि माझे बाबा इंग्रजीत घाबरत नाहीत. लाइव्ह ट्रान्स्क्राइबमध्ये २०१९ ला, आलं तेव्हाच, सत्तरहून अधिक भाषा होत्या. ते घडवणाऱ्यांपैकी दिमित्री कानेव्हस्की स्वतः लहानपणापासून बहिरे आहेत. आजूबाजूचा गोंगाट किती आणि बोलणाऱ्याचा आवाज किती, हे कोपऱ्यातल्या वर्तुळांतून दाखवायचं कुणाला सुचलं असेल, हे मला सांगावं लागत नाही.

तरी पूर्वीची मी गप्प बसत नाही. बाबांच्या हृदयाबद्दलचं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवर गेलंच ना, असं ती विचारते. आवाज साठवत नाही असं गूगल म्हणतं, पण तेवढ्यानं तिचं समाधान होत नाही आणि माझंही पूर्ण होत नाही. शिवाय माझ्या यंत्राची जोडणी आयफोनवर जास्त भरवशाची होती, इथे ती बोलता बोलता तुटते. फोनवर बोलणं मी जवळजवळ सोडलंय, त्यामुळे काही जणांशी संबंध सैल पडले, आणि त्याचं मला वाईट वाटतं. ज्यांचं काम फोनवरच्या बोलण्यावर चालतं, त्यांनी माझं ऐकून फोन बदलू नये. नवीन श्रवणयंत्र घ्यायची वेळ येईल तेव्हा मीही हा हिशेब पहिल्यापासून मांडणार आहे.