बडोद्यात मगर बघायला पहाटे जाऊ नका

जानेवारीत सकाळी साडेसहाला काळा घोडा चौकाजवळच्या विश्वामित्री नदीच्या पुलावर आम्ही तिघं कुडकुडत उभे होतो. मगर एकही नाही. ‘पहाटे हमखास दिसतात’ असं छातीठोक सांगणाऱ्या रिक्षावाल्याने मग पुढच्या ‘पॉइंट’ला न्यायचे साडेतीनशे घेतले. दांडिया बाजारातल्या आत्याने ऐकून कपाळावर हात मारला. “अरे, थंडीत उन्हं चढल्याशिवाय मगर वर येते का? आणि तेवढ्याला पन्नास-साठ पुरे होते!”

तिचं खरं होतं. सरपटणाऱ्या प्राण्यांना अंगात स्वतःची ऊब धरता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. साडेदहा-अकराला त्याच पुलावरून तीन मगरी काठावर पसरलेल्या दिसल्या, एक तर आ वासून. फुकटात.

तो ‘पॉइंट’ मात्र कोणीही करू नये. बाभळीतून काठाकडे उतरणारी शंभरेक पावलांची पायवाट, कमरेएवढं गवत, खाली नुसता चिखल. माझा पाय घोट्यापर्यंत रुतला. तो उपसताना समोर तीन हातांवर ओल्या मातीत रुंद घसरपट्टी दिसली, दोन्ही बाजूंना पंजे उमटलेले, मधोमध शेपटीची रेघ. माती अजून चकाकत होती. आम्ही एक शब्द न बोलता मागे फिरलो. गडकिल्ल्यांची सवय इथे कामाची नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी माद्या काठावर खड्डे करून अंडी घालतात आणि त्यांची राखण करतात, तेव्हा तर बिलकूल नको.

पहाट वापरायची ती डभोईच्या पुढच्या वढवाणा तलावासाठी. गायकवाडी काळातला हा सिंचनाचा तलाव २०२१ साली रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. आदल्या दिवशी आम्ही तिथे दुपारी बाराला पोचलो होतो. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले कदंब हंस पाठीत चोच खुपसून झोपलेले. पक्ष्यांचं रक्त गरम आणि अंगावर पिसांचं पांघरूण, त्यामुळे त्यांना उन्हाची वाट बघावी लागत नाही, उजाडताच ते चरायला निघतात. आम्ही उलटं केलं आणि दोन्हीकडे फसलो.

दुपार कमाटीबागेतल्या संग्रहालयाला द्या. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. शेजारचे एक गृहस्थ मुलांना ‘सगळ्यात मोठा मासा’ म्हणून दाखवत होते. कृपया असं सांगू नका, देवमासा मासा नाही, सस्तन प्राणी आहे. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवात दंडाचं हाड, मनगट आणि बोटांची पेरं असतात, आपल्या हातासारखी. नाकपुड्या डोक्यावर, कारण श्वास फुप्फुसाने. पिल्लं दूध पितात. माशाची शेपटी डावी-उजवी हलते, याची वर-खाली. लहान मुलं बरोबर असतील तर एवढ्या एका सांगाड्यासाठी अर्धा तास ठेवा.

बेडूक बघायचे असतील तर पावसाळ्यात या. त्यांची कातडी ओलीच राहावी लागते, थंडीत ते मातीत दडलेले असतात.

रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा, आणि ‘पॉइंट’ हा शब्द ऐकला की उतरा.