चोक नेमका कधी आत ढकलायचा

गेल्या एप्रिलमध्ये, परीक्षांच्या ऐन धामधुमीत, आमच्या नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने वेग घेणे सोडून दिले. इंजिन सुरू होते, आवाज नेहमीचाच होता, कसला वास येत नव्हता. पण अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी ती रुसलेल्या कारकुनासारखी, ठरवून घेतलेल्यापेक्षा तसूभरही जास्त काम करायला तयार नव्हती. सर्व्हिस सेंटरमध्ये तिला लॅपटॉप जोडण्यात आला. पायाखालच्या पेडलचा सेन्सर बिघडला आहे, तो बाहेरगावाहून मागवावा लागेल आणि आठ-दहा दिवस सहज जातील, असे तिथल्या मुलाने मोठ्या नम्रतेने सांगितले. ते आठ-दहा दिवस पुढे अठरा झाले. त्या अठरा दिवसांत मी कॉलेजला, मंडईत, बँकेत आणि एकदा भर दुपारी साताऱ्याच्या वाटेवर गेले ती बाबांच्या पद्मिनीने. एरवी ही गाडी फक्त रविवारी सकाळी, तासभर पाय मोकळे करण्यापुरती बाहेर निघत असे.

पद्मिनी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, 1987 सालची, इंजिन 1089 सीसी. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून तयार होणाऱ्या फियाट 1100 डिलाइटचीच ही पुढची आवृत्ती. मधे काही काळ तिला ‘प्रेसिडेंट’ म्हणत आणि 1974 मध्ये ती चितोडच्या राणीच्या नावाने ‘पद्मिनी’ झाली. कारखान्याने नाव बदलले तरी लोकांनी ते मनावर घेतले नाही. आमच्या घरात, आळीत आणि नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत ती शेवटपर्यंत ‘फियाट’च राहिली. त्याआधीच्या गोल पाठीच्या मॉडेलला तर ‘डुक्कर फियाट’ असे खास मराठी नाव मिळाले होते, आणि त्यात अपमानापेक्षा घरोबाच अधिक होता.

पहिल्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडून आत बसले तेव्हा लक्षात आले, की रविवारी गाडी चालवणे आणि बुधवारी पावणेआठला गाडी चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी ती सुरू झाली नाही तर चहा घेऊन पुन्हा येता येते. बुधवारी चोकची, म्हणजे गार इंजिनाला पेट्रोल जास्त प्रमाणात देणारी दांडी बाहेर ओढायची, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबून सोडायचा आणि किल्ली फिरवायची, आणि हे सारे एका दमात जमायला हवे. तिसऱ्यांदा दाबला तर पेट्रोल ओव्हर होते, गाडीभर त्याचा वास भरतो आणि मग पाच मिनिटे हात जोडून बसून राहण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. इंजिन पकडले की खरी परीक्षा सुरू होते, कारण चोक किती वेळ बाहेर ठेवायचा हे कुठेही लिहिलेले नाही. लवकर आत ढकलला तर गल्लीच्या तोंडाशी गाडी दोन आचके देऊन बंद पडते. उशीर केला तर मागे काळा धूर सुटतो आणि शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. मी गाडी शिकत असताना बाबांना विचारले होते, की नेमके कधी आत ढकलायचे. ते म्हणाले होते, “कळतं.” मला त्यांचा फार राग आला होता. चौथ्या-पाचव्या दिवशी, कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रासमोर इंजिनाचा सूर किंचित जड झाला आणि माझा हात आपोआप दांडीकडे गेला, तेव्हा त्यांच्या उत्तरापेक्षा अचूक उत्तर देणे शक्यच नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

नव्या गाडीत हे सगळे संगणक करतो. इंजिन किती गार आहे, बाहेरची हवा किती तापली आहे, हे सेन्सरकडून विचारून घेऊन तो पेट्रोलची धार ठरवतो आणि बटण दाबताच गाडी सुरू होते, मग ते महाबळेश्वरच्या जानेवारीत असो की चंद्रपूरच्या मे महिन्यात. ही सोय किती मोठी आहे हे कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या जुन्या यंत्रावर, गाडी चालवल्याशिवाय कळत नाही. पण पेडलचा सेन्सर गेला तेव्हा मला प्रथमच समजले, की नव्या गाडीत माझ्या पायाचा इंजिनाशी थेट संबंधच नाही. पद्मिनीत पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत चक्क लोखंडी दांड्या जातात. मी दाबते आणि झडप उघडते. नव्या गाडीत मी पाय दाबते तो एक अर्ज असतो. संगणक तो वाचतो, इतर कागदपत्रे पडताळून पाहतो आणि योग्य वाटल्यास मंजूर करतो. त्या दिवशी माझ्या अर्जावरची सही त्याला संशयास्पद वाटली आणि त्याने खबरदारी म्हणून मला कमीत कमी वेगाची मंजुरी दिली. तांत्रिकदृष्ट्या त्याचे काही चुकले नाही. कर्वे रस्त्यावर माझ्यामागे भोंगे वाजवणाऱ्यांना मात्र हे समजावून सांगण्याची सोय नव्हती.

पेठांमधून जाताना जुनी गाडी रोजच्या वापरासाठीच जन्माला आली होती, हे जाणवते. लांबीला ती आजच्या छोट्या हॅचबॅकएवढीच, पण रुंदीला दीड मीटरच्या आत. आजच्या साध्या गाड्याही पावणेदोन मीटरच्या आसपास पोहोचल्या आहेत, आणि शनिवार पेठेतल्या बोळात समोरून टेम्पो आला की ही वीतभर जागा म्हणजे सगळे जग असते. शिवाय तिचे खांब काटकुळे, काचा उभ्या आणि मोठ्या, बॉनेटचे टोक व मागचे शेपट्यांसारखे दोन उंचवटे चालकाच्या जागेवरून स्पष्ट दिसतात. गाडी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे डोळ्यांना कळते, म्हणून कॅमेऱ्याची गरज पडत नाही. नव्या गाडीचे मागचे काचेचे भोक एवढे लहान असते, की आधी आंधळे करून मग हातात काठी द्यावी, तसा तो कॅमेरा वाटतो. पण हे म्हणून झाल्यावर स्टिअरिंगबद्दलही बोलायला हवे. उभ्या गाडीत ते फिरवायचे म्हणजे जात्यावर दळण घालण्यासारखे आहे. गिअरची दांडी स्टिअरिंगलाच असल्यामुळे पुढच्या सलग बाकावर तिघे ऐसपैस बसतात खरे, पण पहिला गिअर टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवावी लागते, नाहीतर दात खाल्ल्याचा आवाज येतो आणि सिग्नलवरचे सगळे रिक्षावाले माना वळवून पाहतात.

सातारा रस्त्याला लागल्यावर कात्रजचा चढ चढताना, दुपारी दीडच्या सुमारास, ती बंद पडली. या प्रसंगाची मला आधीपासून भीती होती, आणि तयारीही होती. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनालाच बसवलेला असतो. चढावर, उन्हात, कमी वेगात इंजिन तापले, की पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. या पंपाला मिस्त्री लोक ‘एसी पंप’ म्हणतात, आणि गाडीत एसी म्हणण्याजोगी एवढी एकच वस्तू असल्यामुळे आमच्याकडे त्यावर फार जुना विनोद आहे. उपाय असा, की बॉनेट उघडायचे, पंच्याच्या चौघडीवर बाटलीतले पाणी ओतायचे, तो पंपावर ठेवायचा आणि सावलीत उभे राहायचे. मी तसे केले. ओल्या कापडाची वाफ झाली, पुन्हा ओले केले. एक ट्रकवाला थांबून म्हणाला, “ताई, फडकं बदला आणि जरा दम धरा, जाईल ती.” वीस मिनिटांनी ती गेली. नव्या गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि पेट्रोल दाबाखाली पुढे जाते, त्यामुळे असले काही सहसा घडत नाही. वीस मिनिटे तापलेल्या डांबरावर उभे राहण्यात काही रम्य आहे, असे कुणी लिहिले तर त्याने एप्रिलमध्ये कात्रज पाहिलेला नाही, असे खुशाल समजावे.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर मी कुणाशी वाद घालत नाही. आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात कुणीतरी काका पद्मिनीच्या पत्र्यावर टिचकी मारून, “हे लोखंड आहे, आत्ताचे डबे आहेत,” असे म्हणतातच. अमेरिकेत 2009 मध्ये विम्याशी संबंधित एका सुरक्षा संस्थेने 1959 सालची शेव्हरले बेल एअर आणि 2009 सालची शेव्हरले मालिबू या दोन गाड्या समोरासमोर आदळवून पाहिल्या. भक्कम दिसणाऱ्या जुन्या गाडीचा पुढचा भाग चालकाच्या जागेपर्यंत आत घुसला आणि नवीचे नाक चुरगळले तरी आतली जागा जवळपास शाबूत राहिली. पत्रा चुरगळतो तेव्हा तो धक्का स्वतः खातो. जो चुरगळायचा तिथे चुरगळत नाही, तो धक्का आत बसलेल्या माणसाकडे पाठवतो. आमच्या गाडीत एअरबॅग नाही, जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारे एबीएस नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि पावसाळ्यात डबक्यातून गेल्यावर ते ओले होऊन काही क्षण नुसते घसरतात. बाबा अशा वेळी पेडलवर डावा पाय हलका टेकवून, ब्रेक सुकवत सुकवत गाडी नेत. त्यांचे कसब वादातीत होते. पण ज्या गोष्टीसाठी कसब लागू नये, तिच्यासाठी ते लागत होते हेही तितकेच खरे. महामार्गावर, रात्री किंवा मुलांना घेऊन जायचे असेल तर आता मी पद्मिनीच्या किल्लीला हातही लावत नाही.

नवी गाडी सुरक्षित आहे, मात्र ती त्याबद्दल सतत बोलते. जुलै 2019 पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींत सीटबेल्टची आठवण, मागे घेतानाचे सेन्सर आणि ताशी 80 किलोमीटर ओलांडल्यावर वाजणारी सूचना सक्तीची झाली. हेतू उत्तम आहे. पण मंडईतून येताना शेजारच्या सीटवर सहा किलोचे कलिंगड ठेवले, तर गाडी त्याला माणूस समजते आणि त्याने पट्टा लावेपर्यंत घसा फोडून ओरडत राहते. सुरुवातीला मी वैतागत असे. आता मी कलिंगड ठेवते, त्याला पट्टा लावते आणि त्याच्याकडे न पाहता गाडी सुरू करते.

दुरुस्तीच्या बाबतीत लोक जुन्या गाडीला जेवढे झुकते माप देतात तेवढे मी देणार नाही, कारण स्वस्त दुरुस्ती वारंवार करावी लागली की ती स्वस्त राहत नाही. त्या अठरा दिवसांत पद्मिनीचे पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ सांभाळणारे धातूचे तुकडे, एकदा घासावे लागले, फॅन बेल्ट बदलला आणि पेट्रोलच्या नळ्या नव्या घातल्या. नळ्यांचे कारण वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल. जुन्या रबराला ते मानवत नाही, ते फुगते किंवा त्याला चिरा पडतात. आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत. ते गाडी न पाहता, फाटकातून आत येतानाच आवाज ऐकून “तिसरा प्लग” असे सांगतात, आणि बहुतेक वेळा तो तिसराच निघतो. त्यांच्या हाताखाली आता कुणी शिकत नाही. मुंबईतही पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला झाली आणि वीस वर्षांची मुदत भरताच, ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस, ती रस्त्यावरून गेली. ज्या गाडीच्या हजारो भावंडांना रोज मिस्त्री लागत होता, तिचे सुटे भाग जागोजाग मिळत. एकट्या उरलेल्या गाडीसाठी दुकानदाराला माळ्यावर चढावे लागते आणि तो त्या चढण्याचेही पैसे लावतो.

पैशांचा हिशेब मी एकदा मांडून पाहिला. शहरात पद्मिनी लिटरला दहा-अकरा किलोमीटर जाते, नवी सतरा. शिवाय दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, तपासणी आणि पर्यावरण कर. हिशेब पूर्ण होण्याआधीच मी वही मिटली, कारण उत्तर मला माहीत होते.

या गाडीच्या कायदेशीर वयाची मात्र मला गंमत वाटते. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनाची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते. त्याला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळते, आणि मग ते प्रदर्शनाला, रॅलीला नेता येते, पण रोजच्या कामासाठी रस्त्यावर चालवता येत नाही. आमची पद्मिनी 2037 मध्ये पन्नाशीला पोहोचेल. मी तो मान तिच्यासाठी मागितला, तर तिला भाजी आणायला पाठवणे त्या दिवसापासून नियमबाह्य ठरेल.

नवी गाडी सेन्सर बदलून परत आल्यापासून पद्मिनीला मी आठवड्यातून दोन दिवस कामाला लावते, मंगळवारी कॉलेजला आणि शनिवारी मंडईत. गेल्या शनिवारी मी कलिंगड पुढच्या बाकावर ठेवले. लक्ष्मी रस्त्याच्या वळणावर ते रेक्झिनवरून घरंगळत गेले, दारावर धप्पकन आदळले, तिथेच टेकून राहिले, आणि गाडी त्यावर एक शब्दही बोलली नाही.